शेंगदाण्यामुळे गाजलेला कार्व्हर खरं तर रोगट पानांचा डॉक्टर होता

ऑगस्टचा शेवटचा आठवडा. कोल्हापुरात दोन-अडीच महिने पाऊस झोडपून झालेला असतो. रुईकर कॉलनीतला बंगला असो नाहीतर राजारामपुरीतली गच्ची, गुलाबाच्या कुंड्यांची अवस्था सगळीकडे सारखीच. खालची पानं पिवळी, त्यावर काळे गोल डाग, आणि सकाळी झाडायला गेलं की निम्मी पानं जमिनीवर.

मग सल्ले सुरू होतात. कोण म्हणतं खत कमी पडलं, कोण म्हणतं पाणी जास्त झालं, शेजारच्या काकू चहाचा चोथा घालायला सांगतात. शेवटी कृषी सेवा केंद्रातून एक पुडी आणली जाते, फवारली जाते. आठवड्याने बघावं तर डाग जिथल्या तिथे. औषध बोगस होतं असा निकाल लागतो आणि विषय संपतो.

दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात, डायमंड नावाच्या खेड्याच्या आसपास राहणाऱ्या बायकांनाही आपल्या फुलझाडांची अशीच काळजी लागलेली असायची. पण त्यांच्याकडे एक सोय होती. त्या आपली आजारी झाडं एका दहा-बारा वर्षांच्या काळ्या पोराकडे घेऊन जायच्या. पोरगं किडकिडीत, आवाज बारीक, शाळेचं तोंड न पाहिलेलं. पण झाड हातात घेऊन, पान उलटंसुलटं करून, माती बोटांनी चाचपून ते सांगायचं की याचं काय बिघडलंय. गावाने त्याचं नावच झाडांचा डॉक्टर ठेवलं होतं.

हा पोरगा म्हणजे जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर.

मराठी माणसाला हे नाव नवीन नाही. १९८१ साली वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ आलं आणि पुढच्या पिढ्यांनी ते शाळेच्या बक्षिसात, वाढदिवसाला, लायब्ररीतून असं कुठून ना कुठून मिळवून वाचलं. त्यामुळे कार्व्हर म्हटलं की आपल्याला शेंगदाणा आठवतो, रताळं आठवतं, गुलामीतून वर आलेला शास्त्रज्ञ आठवतो. पण या माणसाचं कॉलेजातलं खरं शिक्षण कशात झालं होतं, हे विचारलं तर बरेच जण अडखळतील.

ते झालं होतं पानांवरच्या बुरशीत.

जॉर्जचा जन्म १८६४ च्या सुमारास झाला. नेमकी तारीख कुठे नोंदलेली नाही, कारण गुलामांच्या पोरांच्या तारखा कोण लिहून ठेवणार. त्याची आई मेरी ही मोझेस आणि सुझन कार्व्हर या शेतकरी जोडप्याच्या मालकीची. यादवी युद्धाचे ते दिवस होते. जॉर्ज तान्हा असताना रात्रीच्या अंधारात टोळीवाले आले आणि मायलेकरांना पळवून घेऊन गेले. मोझेसने माणूस पाठवून शोध घेतला. बाळ परत मिळालं, त्या बदल्यात एक घोडा द्यावा लागला. आई मात्र परत आली नाही. तिचं पुढे काय झालं ते जॉर्जला शेवटपर्यंत कळलं नाही.

डांग्या खोकल्याने बेजार झालेलं हे पोर वाचलं, पण अंगात ताकद राहिली नाही. थोरला भाऊ जिम मोझेसबरोबर शेतात राबायचा. जॉर्ज सुझनच्या हाताखाली स्वयंपाक, धुणं, शिवणटिपण शिकला, परसातली बाग बघू लागला. उरलेला वेळ रानात. रानातून तो रोपं उपटून आणायचा आणि घरापासून लांब, झुडपांच्या आडोशाला लावायचा. लपवायचं कारण साधं होतं. खायला न येणाऱ्या फुलांवर वेळ घालवणं हा त्या भागात शुद्ध वेडेपणा मानला जायचा. त्या चोरट्या बागेत तो काय करत होता? एकच झाड सावलीत लावून बघ, उन्हात लावून बघ, माती बदलून बघ. कुठल्या जागी पानं तुकतुकीत राहतात आणि कुठल्या जागी डागाळतात, हे त्याने पुस्तक हातात पडायच्या आधीच पाहून ठेवलं होतं.

जवळच्या शाळेत काळ्या मुलांना प्रवेश नव्हता. म्हणून बारा-तेराव्या वर्षी तो चालत निओशो गावी गेला. तिथे मरायह आणि अँड्र्यू वॉटकिन्स या काळ्या जोडप्याने त्याला घरात ठेवून घेतलं. मरायहला झाडपाल्याची औषधं माहीत होती. तिथून पुढे कॅन्सस. फोर्ट स्कॉट गावात १८७९ साली त्याने गोऱ्या जमावाने एका काळ्या माणसाला ठार मारताना पाहिलं आणि ते गाव सोडलं. कपडे धुऊन, स्वयंपाक करून तो शिकत राहिला. १८८५ मध्ये हायलँड कॉलेजने पत्राने प्रवेश दिला. हा प्रत्यक्ष तिथे पोचला, कातडीचा रंग दिसला आणि प्रवेश रद्द झाला.

यानंतर कुणीही शिक्षणाचा नाद सोडला असता. जॉर्जने कॅन्ससच्या उघड्या माळरानावर जमीन घेतली, मातीच्या ढेकळांचं घर बांधलं आणि त्या घराला लागून झाडं ठेवायला एक खोली केली. प्यायच्या पाण्याची मारामार असलेल्या माळावर हा माणूस फुलझाडं जगवत होता.

वनस्पतिशास्त्राकडे तो वळला तो चित्रांमुळे. १८९० मध्ये आयोवातल्या सिम्पसन कॉलेजात तो चित्रकला शिकायला गेला. त्याच्या चित्रांतली झाडं बघून एटा बड या त्याच्या शिक्षिकेच्या लक्षात आलं की हा मुलगा झाडाची रचना ओळखून रेषा काढतो. तिचे वडील एम्सच्या कृषी महाविद्यालयात बागायतीचे प्राध्यापक होते. चित्रांवर काळ्या माणसाचं पोट भरणार नाही, तू शेतीशास्त्र शिक, असं तिने त्याला पटवलं. त्याचं मन चित्रांतच होतं. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्याचं युक्का आणि निवडुंगाचं चित्र लागलं आणि त्याची दखलही घेतली गेली. पण तोपर्यंत, १८९१ मध्ये, तो एम्सला दाखल झाला होता. त्या महाविद्यालयातला पहिला काळा विद्यार्थी. सुरुवातीला त्याला जेवायला इतर विद्यार्थ्यांबरोबर बसू दिलं नाही, तळघरात मजुरांच्या पंक्तीत बसवलं.

एम्समध्ये त्याला भेटले प्राध्यापक लुई पॅमेल. वनस्पतिशास्त्रज्ञ, आणि पिकांवरच्या बुरशीजन्य रोगांचे अभ्यासक.

इथे थोडं थांबून तो काळ समजून घ्यायला हवा. पानावरचा डाग म्हणजे एक वेगळा सजीव आहे, तो पानाच्या आत शिरून पान खातो, ही गोष्ट एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शास्त्रज्ञांनाही नीट मान्य नव्हती. हवा बिघडली, झाडाचा रस नासला, म्हणून बुरशी आली, असं मानणारेच जास्त होते. जर्मनीच्या आंतोन द बारी यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिलं की गाडी उलटी आहे. आधी बुरशी येते, मग पान नासतं. मग १८८०च्या दशकात फ्रान्समधल्या बोर्दो भागात आलेक्सी मिलार्दे यांना एक गंमत दिसली. रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर चोरांनी हात मारू नये म्हणून शेतकरी मोरचूद आणि चुन्याचं निळसर पाणी शिंपडायचे, आणि नेमक्या त्याच वेलींची पानं रोगातून वाचलेली होती. १८८५ मध्ये त्यांनी हे जगापुढे मांडलं. आज सांगलीतल्या द्राक्षबागायतदाराच्या तोंडात असलेलं बोर्डो मिश्रण ते हेच.

कार्व्हर एम्सला आला तेव्हा ही बातमी अवघी सहा वर्षांची होती. म्हणजे पानांच्या रोगांचं शास्त्र अगदी ताजं होतं आणि हा पोरगा बरोबर त्या दारात उभा होता.

१८९४ मध्ये तो पदवीधर झाला. माणसाने झाडांत घडवलेले बदल हा त्याच्या प्रबंधाचा विषय होता. पॅमेलनी त्याला लगेच आपला सहायक केलं, काचगृह त्याच्या ताब्यात दिलं. तो दिवसभर रानोमाळ हिंडायचा आणि डागाळलेली, पावडर धरलेली, गंजलेली पानं पिशवीत भरून आणायचा. आपल्या विभागात इतका चांगला नमुने गोळा करणारा माणूस दुसरा झाला नाही, असं पॅमेलचं मत होतं. १८९५ मध्ये दोघांच्या नावाने एक पत्रिका निघाली, करंट आणि चेरी या फळझाडांच्या पानांवरचे ठिपके कसे रोखायचे यावर. पाठोपाठ एम्स परिसरातल्या झाडांवरच्या बुरशीजन्य रोगांची यादी त्यांनी आयोवाच्या विज्ञान अकादमीच्या अंकात छापली. १८९६ मध्ये त्याला पदव्युत्तर पदवी मिळाली.

हिंडून हिंडून अशा माणसाची नजर काय शिकते? ते कोल्हापुरातल्याच झाडांवर बघता येतं.

गुलाबाच्या पानाच्या वरच्या बाजूला काळे डाग आहेत, डागाची कड फाटल्यासारखी झालरदार आहे, भोवती पान पिवळं पडलंय आणि सुरुवात बुंध्याकडच्या पानांपासून झालीय, तर तो काळा ठिपका. या बुरशीला उगवायला पान सलग सहा-सात तास ओलं राहावं लागतं. जुलैत कोल्हापुरात पान कोरडं कधी असतं, हाच प्रश्न आहे. पावसाचा थेंब डागावर आपटतो आणि बीजाणू घेऊन शेजारच्या पानावर उडतो.

पानावर, कोवळ्या शेंड्यावर, कळीच्या देठावर पीठ भुरभुरल्यासारखं पांढरं दिसलं तर ती भुरी. हिचा स्वभाव उलटा. हिला ओलं पान लागत नाही. पाऊस संपला, दिवस उबदार आणि रात्री गार व्हायला लागल्या की ही येते. म्हणून दिवाळीनंतर ‘आता पाऊस नाही, आता कसली बुरशी’ म्हणून निर्धास्त झालेला माणूस हमखास फसतो.

चाफ्याचं पान वरून बघितलं तर बारीक पिवळे ठिपके दिसतात, काही खास वाटत नाही. पान उलटा. खाली केशरी पूड, बोटाला लागेल अशी. हा तांबेरा. गव्हाचा तांबेरा शेतकऱ्याला माहीत असतो, पण आपल्या अंगणातल्या चाफ्याला त्याच घराण्यातला पाहुणा आलाय हे कुणाच्या गावी नसतं. झेंडू आणि शेवंतीच्या पानांवर तपकिरी-काळे ठिपके वाढत जाऊन पान करपतं, त्याला शेतकरी करपा म्हणतात. नवरात्राच्या तोंडावर झेंडूला करपा लागला की शेतकऱ्याचं गणित बिघडतं, कारण अंबाबाईच्या उत्सवात फुलाला जो भाव असतो तो नंतर नसतो.

आणि प्रत्येक डाग बुरशीचा नसतो, हेही तितकंच खरं. उन्हाने भाजलेला डाग उन्हाकडच्या बाजूलाच असतो आणि वाढत नाही. खत कमी पडलं तर पिवळेपणा साधारण सारख्या नक्षीत येतो. बुरशीला शिस्त नसते. ती इथे एक, तिथे तीन अशी पसरते आणि चार दिवसांनी डाग मोठा झालेला असतो. डागाभोवती पेनाने रेघ मारून ठेवली तर घरच्या घरी उत्तर मिळतं.

तर असा तयार झालेला माणूस एम्समध्येच राहिला असता तर? डॉक्टरेट झाली असती, प्रयोगशाळा होती, गुरू होते, बुरशीच्या अभ्यासात जगभर नाव झालं असतं. त्याची स्वतःचीही इच्छा पुढे शिकण्याची होती.

पण १८९६ मध्ये अलाबामातून बुकर टी. वॉशिंग्टन यांचं बोलावणं आलं. ते स्वतः गुलामीत जन्मलेले, टस्कीगी इथे काळ्या मुलांसाठी संस्था चालवणारे. त्यांना शेतीविभाग सांभाळायला माणूस हवा होता. पैसा, पद, प्रतिष्ठा यातलं फारसं काही देण्यासारखं त्यांच्याकडे नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्या कापूस लावून मेलेली जमीन आणि कर्जात बुडालेली माणसं होती. कार्व्हर गेले. निरोपाला एम्सच्या मंडळींनी त्यांना सूक्ष्मदर्शक भेट दिला.

टस्कीगीत प्रयोगशाळा नावाची गोष्ट नव्हती. कार्व्हरनी विद्यार्थ्यांना उकिरड्यावर पाठवलं. फुटक्या बाटल्या, बरण्यांची झाकणं, तारा, जे मिळेल ते गोळा केलं आणि त्यातून उपकरणं बनवली. हा प्रसंग बहुतेकांनी वाचलेला असतो. कमी सांगितली जाणारी गोष्ट अशी की त्यांना शिकवण्याबरोबर संस्थेची शेती, दुधाचा गोठा, कोंबड्यांचं खुराडं, सगळं बघायला लागायचं. कोंबड्यांचा हिशेब लागत नाही यावरून वॉशिंग्टन आणि त्यांच्यात वर्षानुवर्षं खटके उडत राहिले. कार्व्हरनी राजीनाम्याची भाषा एकदा नव्हे, अनेकदा केली. दोघंही मोठी माणसं, दोघांचंही आपापल्या जागी बरोबर होतं. पण बुरशी ओळखण्यात देशात गणला जाणारा माणूस अंडी मोजत बसला होता, हे काही नाकारता येत नाही.

तरीही त्यांनी पानं गोळा करणं सोडलं नाही. अलाबामाचा उन्हाळा गरम, दमट आणि पावसाचा. बुरशीला याहून बरं माहेर नाही. पहाटे चारला उठून ते जंगलात फिरायला जायचे आणि येताना पिशवी भरलेली असायची. अनोळखी बुरशी दिसली की नमुना वाळवून, कागदात घालून तज्ज्ञांकडे पोस्टाने रवाना. १९०२ मध्ये अमेरिकेतले नामवंत बुरशीतज्ज्ञ एलिस आणि एव्हरहार्ट यांनी अलाबामातल्या नव्या बुरश्यांवर निबंध छापला, तो कार्व्हरच्या पिशवीतून गेलेल्या नमुन्यांवर. त्यातल्या एका बुरशीला त्यांनी कार्व्हरचं नाव दिलं.

त्याआधी १९०१ मध्ये टस्कीगीच्या प्रयोगकेंद्राची चौथी पत्रिका निघाली होती. विषय, मेकन परगण्यात आढळणाऱ्या सर्कोस्पोरा. ज्या केंद्राच्या पत्रिका पुढे लोणची कशी घालावीत, डुकरं कशी पाळावीत, टोमॅटो कसा टिकवावा यावर निघाल्या, त्या केंद्राने सुरुवातीलाच एका बुरशीच्या जातकुळीवर पत्रिका काढली. गरीब शेतकऱ्याला तिचा थेट उपयोग किती झाला असेल ही शंकाच आहे. पण यातून दिसतं की माणसाचं मन कुठे होतं.

सर्कोस्पोरा हे नाव अवघड वाटेल, पण कोल्हापूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याने ही बुरशी शंभर वेळा पाहिलेली असते. गडहिंग्लज भागात पावसाळी भुईमुगाच्या पानांवर तपकिरी-काळे गोल टिकलीसारखे डाग येतात, पानं गळतात, शेंगा पोसत नाहीत. त्याला म्हणायचं टिक्का. हा टिक्का म्हणजे सर्कोस्पोराच्या कुळातली बुरशी. त्याच कुळातली भावंडं गुलाबावर, इतर फुलझाडांवर आणि बिटाच्या पानावरही ठिपके पाडतात. पुढे ज्या भुईमुगाने कार्व्हरना जगभर नेलं, त्या भुईमुगाच्या सगळ्यात मोठ्या वैऱ्याचं कूळ ते भुईमुगाच्या आधीपासून ओळखत होते.

भुईमुगाची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. कापसाने जमीन खंगली होती, वर बोंडअळीसारखा भुंगा आला. कार्व्हरनी चवळी, रताळी, भुईमूग लावायला सांगितलं, कारण चवळी-भुईमूग जमिनीला नत्र परत देतात. १९०६ पासून घोडागाडीवर फिरती शाळा सुरू झाली. १९१६ मध्ये भुईमूग कसा पिकवावा आणि त्याचे १०५ पदार्थ कसे करावेत ही पत्रिका आली. १९२१ मध्ये ते अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे भुईमुगाची बाजू मांडायला उभे राहिले आणि रातोरात देशभर पोचले. त्यानंतर वर्तमानपत्रांना शेंगदाण्याशिवाय दुसरं काही लिहायचंच नव्हतं. पीनट बटर त्यांनी शोधलं असंही लोक बोलू लागले. ते त्यांनी शोधलेलं नाही. उलट जे खरोखर त्यांचं होतं, ते वाळलेल्या पानांचे कागदी लिफाफे, त्यात बातमी नव्हती.

फुलांचं वेड मात्र शेवटपर्यंत राहिलं. कोटाच्या कॉलरला रोज एक फूल. खोलीच्या खिडकीत ॲमॅरिलिसच्या कुंड्या, त्यांचे संकर करणं चालूच. १९०९ मध्ये त्यांनी आपल्या परगण्यातल्या शोभेच्या झाडांवरही एक पत्रिका काढली. ज्यांच्या घराला रंग नाही त्यांच्या दारात चार फुलं असावीत, यात त्यांना चैन वाटत नव्हती. आसपासच्या लोकांची आजारी झाडं त्यांच्याकडे येत राहिली, डायमंडमध्ये यायची तशीच.

आता कोल्हापूरच्या त्या गुलाबाकडे परत. पुडी आणून फवारली तरी डाग का जात नाहीत?

कारण डाग पडलेला भाग मेलेला असतो. कुठलंच औषध मेलेलं पान हिरवं करत नाही. बहुतेक साधी बुरशीनाशकं पानावर थर धरून बसतात आणि बीजाणू उगवू देत नाहीत, म्हणजे ती पुढच्या पानासाठी असतात. त्यामुळे फवारल्यावर जुने डाग बघायचे नसतात, नवीन फुटलेली पानं स्वच्छ आहेत का ते बघायचं. आणि पावसाने थर धुऊन गेला की फवारणी पुन्हा करावी लागते.

त्याहून महत्त्वाचं आहे ते फुकटचं काम. काळ्या ठिपक्याची बुरशी गळलेल्या पानांत आणि रोगट काड्यांत दबा धरून बसते. कुंडीतली पानं तशीच ठेवायची आणि वरून औषध मारायचं, म्हणजे चोर घरात ठेवून कुलूप बदलण्यासारखं. डागाळलेलं प्रत्येक पान, झाडावरचं आणि खालचं, गोळा करून कचऱ्याच्या गाडीत द्यायचं. गच्चीवरच्या खताच्या बादलीत टाकायचं नाही, ती बादली एवढी तापत नाही की बुरशी मरेल. पावसाळ्याआधी मधल्या फांद्या छाटून झाड मोकळं करायचं, कुंड्या एकमेकींना चिकटवायच्या नाहीत. पाणी सकाळी आणि बुंध्याशी. संध्याकाळी पाइपने झाडाला आंघोळ घालणं माणसाला सुखाचं वाटतं, पण ती ओली रात्र बुरशीच्या कामी येते. पावसात शक्य असेल तर कुंडी छपराखाली, जिथे ऊन येतं पण पाऊस लागत नाही अशा जागी सरकवायची. निम्मा रोग इथेच थांबतो.

तरीही फवारायचं असेल तर बोर्डो मिश्रण घरीही होतं. एक टक्क्याचं म्हणजे लिटरमागे १० ग्रॅम मोरचूद आणि १० ग्रॅम कळीचा चुना. दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यांत, निम्म्या निम्म्या पाण्यात. चुना आधी नीट विरू द्यायचा आणि गार झाल्यावर मोरचुदाचं पाणी हळूहळू त्यात ओतायचं. लोखंडी किंवा तांब्याचं भांडं नको. मग स्वच्छ लोखंडी सुरी मिनिटभर बुडवून बघायची. तिच्यावर तांबूस थर आला तर मोरचूद मोकळं राहिलंय, पानं भाजतील, आणखी थोडा चुना घालायचा. गाळून त्याच दिवशी वापरायचं, उद्यासाठी ठेवायचं नाही. गुलाबाची कोवळी पानं तांब्याला नाजूक असतात, म्हणून आधी दोन-चार पानांवर मारून दोन दिवस वाट बघितलेली बरी. भुरीवर गंधक चालतं, पाण्यात मिसळणारं, पण कडक उन्हात मारलं तर पान करपतं. पुडीवर लिहिलेलं प्रमाण पाळायचं, हातमोजे आणि मास्क घालायचा, आणि देवाला वाहायची किंवा गुलकंदाची फुलं ज्या झाडाची आहेत त्यावर औषध मारायच्या भानगडीत पडायचं नाही.

चाफ्याच्या तांबेऱ्याला तर बहुतेक वेळा औषधाचीही गरज नसते. झाड हिवाळ्यात पानं गाळतंच. ती झाडून नेली की बरंचसं काम झालं.

कार्व्हरच्या आयुष्यात पानांचा हा धागा शेवटी पुन्हा वर आला. १९३५ मध्ये, वयाच्या सत्तरीत, अमेरिकेच्या कृषी खात्याने त्यांना वनस्पतिरोगांच्या पाहणीत सहकारी म्हणून नेमलं. शेंगदाण्यासाठी नव्हे, बुरशीसाठी. म्हातारा माणूस परत पिशवी घेऊन झाडाझुडपांत शिरू लागला. नमुने वॉशिंग्टनला जायला लागले. चंदेरी मॅपल नावाच्या झाडाच्या पानांवर ठिपके पाडणारी एक बुरशी त्यातून नवीन निघाली. कृषी खात्यातल्या ॲना जेन्किन्स यांनी १९३९ मध्ये तिचं बारसं केलं, टॅफ्रिना कार्व्हेरी.

५ जानेवारी १९४३ रोजी टस्कीगीत कार्व्हर गेले. जिन्यावरून पडल्याचं निमित्त झालं. बुकर वॉशिंग्टन यांच्या शेजारीच त्यांना पुरलं. आयुष्यभराची बचत त्यांनी संस्थेला संशोधनासाठी देऊन टाकली होती. त्याच वर्षी जुलैत डायमंडजवळचं त्यांचं जन्मस्थान राष्ट्रीय स्मारक झालं, आणि त्या हद्दीत ते रानही आलं ज्यात एका पोराने आपली बाग लपवली होती.

त्यांनी गोळा केलेली डागाळलेली पानं अमेरिकेच्या राष्ट्रीय बुरशीसंग्रहात अजून आहेत. कागदाच्या घडीत वाळलेलं पान, त्यावर ठिपके, आणि संग्राहकाच्या जागी नाव, जी. डब्ल्यू. कार्व्हर.